कुमुद की कोलियस? आधी ऊन मोजा, मग ठरवा

बागेतल्या रिकाम्या कोपऱ्यात काय लावू, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते: तिथे ऊन किती तास असतं? "भरपूर असतं," हे ठरलेलं उत्तर. भरपूर म्हणजे सकाळचं दोन तासांचं कोवळं ऊन की दुपारचं डोक्यावरचं, ते कुणी पाहिलेलं नसतं. मीही पाहिलं नव्हतं. पहिलं कुमुद, म्हणजे वॉटर लिली, मी भिंतीच्या आडोशाला टबात लावलं आणि आठ महिने नुसती पानं मोजत बसले. त्याच वर्षी रंगीत पानांच्या कोलियसची सगळ्यात फिकट पोपटी जात भर उन्हात ठेवली. तिच्या पानांच्या कडा चार दिवसांत कागदासारख्या वाळल्या. दोघांच्या जागा फक्त बदलायला हव्या होत्या.

त्यामुळे यातलं कोणतं झाड जास्त सुंदर, या वादात मी पडत नाही. कुमुद लावायचं फुलासाठी, कोलियस पानांसाठी. पहिलं पाण्यात वाढतं आणि उन्हाशिवाय फुलत नाही, दुसरं मातीत वाढतं आणि अर्ध्या सावलीत खुलतं. शिवाय दोघांचे स्वभाव वेगळे. कुमुद एकदा नीट लावलं की त्याला आपली लुडबुड नको असते. कोलियसकडे दोन आठवडे पाहिलं नाही तर ते काठीसारखं उंच होतं. ज्यांचे हात स्वस्थ बसत नाहीत त्यांनी कोलियस लावावं, आणि ज्यांना झाडापाशी नुसतं बसायला आवडतं त्यांनी कुमुद.

नावांचा घोळ आधी निस्तरू

रोपवाटिकेत 'कमळ' म्हणून दोन अगदी वेगळी झाडं विकली जातात. खरं कमळ म्हणजे नेलम्बो. कुमुद म्हणजे निम्फिया, ज्याला आपण सर्रास वॉटर लिली म्हणतो. दिसायला भावंडं वाटली तरी वनस्पतिशास्त्रात ती एकमेकांपासून फार दूर आहेत. ओळखायला फूल लागत नाही, पान पुरतं. कमळाचं पान अखंड गोल, त्याचा देठ खालून मधोमध जोडलेला, आणि मोठी पानं पाण्याच्या वर हात-दीड हात उभी. कुमुदाचं पान पाण्यावर सपाट पसरलेलं आणि कडेपासून देठापर्यंत चीर गेलेली. विकत घेताना ही चीर नक्की पाहा, कारण कमळाला लागणारं भांडं आणि जागा दोन्ही बरीच मोठी असतात.

जुन्या काव्यात कमळ सूर्याचं आणि कुमुद चंद्राचं. चंद्राला कुमुदनाथ म्हणतात ते उगाच नाही. कुमुदांच्या काही जाती खरोखरच संध्याकाळी उमलतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा मिटतात. बागेसाठी मिळणारी बहुतेक कुमुदं मात्र दिवसा फुलणारी आहेत. दिवसभर कामानिमित्त बाहेर असणाऱ्याने रात्री फुलणारी जात मागून घ्यावी, नाहीतर फूल फक्त सुटीच्या दिवशी दिसेल.

कुमुदात दोन गट पडतात आणि लावण्याची रीत त्यावर ठरते. थंडी सोसणारी कुमुदं जाड, आडव्या वाढणाऱ्या गड्ड्यापासून येतात. त्यांच्या पानांच्या कडा गुळगुळीत असतात आणि फूल बहुधा पाण्याला टेकून उमलतं. पांढरा, गुलाबी, लाल, पिवळा आणि पीचसारखा रंग त्यांच्यात सापडतो. उष्ण कटिबंधातली कुमुदं गोलसर कंदापासून येतात. त्यांच्या पानांच्या कडा बहुधा दातेरी असतात आणि फूल पाण्यापासून चांगलं वर उभं राहतं. निळा-जांभळा रंग हवा असेल तर याच गटाकडे वळावं लागतं. त्यांना पाणी २१ अंश सेल्सियसच्या वर हवं. गार पाण्यात टाकलेला कंद झोपून जातो आणि कधी कधी उठतच नाही.

थंडी सोसणाऱ्या कुमुदांत आज एवढे रंग दिसतात, त्याचं मोठं श्रेय जोसेफ बोरी लातूर-मार्लियाक या फ्रेंच माणसाला जातं. १८७५ मध्ये त्याने फ्रान्समधल्या ल तांप्ल-स्यूर-लो इथे रोपवाटिका सुरू केली. त्याआधी युरोपातल्या तळ्यांत प्रामुख्याने पांढरं कुमुदच असायचं. वेगवेगळ्या प्रदेशांतल्या जातींचा संकर करून त्याने पिवळी, गुलाबी आणि तांबडी कुमुदं तयार केली आणि १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली. चित्रकार क्लोद मोने याने जिव्हर्नीच्या आपल्या तळ्यासाठी कुमुदं याच्याकडूनच मागवली. मोनेची कुमुदांची जी चित्रं जगभर पाहिली जातात, त्यांतली फुलं अशी एका रोपवाटिकेतून आलेली आहेत.

कोलियस तुळशीच्या कुळातलं. खोड बोटांत फिरवून पाहा, चौकोनी लागेल. पानं समोरासमोर जोडीने येतात आणि वरची जोडी खालच्या जोडीशी काटकोन करते. ओव्यासारख्या वासाचा, जाड पानांचा पानओवा याच प्रजातीतला. शोभेच्या कोलियसचं मूळ आग्नेय आशियापासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेलं आहे. शास्त्रज्ञांनी त्याची नावं इतक्यांदा बदलली की जुन्या पुस्तकांत ते सोलेनोस्टेमॉन, काहींत प्लेक्ट्रँथस म्हणून सापडतं. २०१९ मध्ये ते पुन्हा अधिकृतपणे कोलियस झालं. माळी मात्र सगळा वेळ कोलियसच म्हणत होते.

पायरी १: ऊन मोजा

निरभ्र दिवस निवडा. सकाळी ८ पासून संध्याकाळी ५ पर्यंत दर तासाला त्या जागेचा मोबाईलवर एक फोटो काढा. घरी कुणी नसेल तर सुटीच्या दिवशी हे काम करा, पण अंदाजावर सोडू नका. थेट ऊन पडलेले तास मोजा. तीन महिन्यांनी पुन्हा एकदा मोजा, कारण ऋतूप्रमाणे सूर्य सरकतो आणि शेजारच्या भिंतीची सावलीही.

६ तास किंवा जास्त थेट ऊन असेल तर कुमुद लावा. ४-५ तास असेल तरी काही जाती फुलतात, पण फुलं मोजकी येतात. लावण्याआधी विक्रेत्याला कमी उन्हात फुलणारी जात आहे का ते विचारा. सकाळचं २ ते ४ तास ऊन आणि दुपारी सावली ही कोलियसची सगळ्यात आवडती जागा. त्याहून कमी उजेडात कोलियस जगतं, पण लाल-जांभळी पानं हिरवट, मळकी होत जातात.

असं होण्याचं कारण पानातच आहे. कोलियसचा तांबडा-जांभळा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांचा. ती तयार व्हायला उजेड लागतो. उजेड कमी पडला की झाड ती बनवणं कमी करतं आणि हरितद्रव्य वरचढ ठरतं. उलट फार कडक ऊन असेल तर नाजूक पानांतला रंग उडतो. गडद, जाड पानांच्या काही नव्या जाती खास उन्हासाठी तयार केलेल्या आहेत, त्या दुपार सोसतात. पानात जेवढा पांढरा, पिवळा किंवा पोपटी भाग जास्त, तेवढी सावली जास्त द्यायची. माझं फिकट रोप का वाळलं, ते मला नंतर कळलं.

पायरी २: भांडं आणि वजन

कोलियसचं इथे फार काही नाही. २०-२५ सेंटिमीटर व्यासाची, तळाला भोक असलेली कुंडी एका रोपाला पुरते. तळाशी ताटली ठेवली तर त्यात पाणी साचू देऊ नका. झालं.

कुमुदासाठी मात्र आधी हिशेब मांडा. ७५ सेंटिमीटर व्यास आणि ४० सेंटिमीटर पाणी असलेल्या गोल टबात सुमारे १७५ लिटर पाणी मावतं. म्हणजे १७५ किलो. त्यात माती, कुंडी आणि टबाचं स्वतःचं वजन धरा. हे सगळं अर्ध्या चौरस मीटरपेक्षा कमी जागेवर बसतं. जमिनीवर चिंता नाही. गच्ची किंवा बाल्कनी असेल तर इमारतीच्या बांधकामाची माहिती असणाऱ्याला विचारल्याशिवाय टब भरू नका. बाल्कनीच्या पुढच्या कडेला तर कधीच नको. शंका असेल तर 'हेल्व्होला'सारखी बुटकी जात निवडा. तिची पिवळी फुलं जेमतेम ५ सेंटिमीटरची असतात आणि ४०-५० सेंटिमीटर रुंद, उथळ भांड्यात ती सुखाने राहते.

टब गडद रंगाचा घ्या. शेवाळ कमी दिसतं आणि पाण्यात आकाशाचं प्रतिबिंब छान पडतं. टबाला भोक नको, पण वरच्या कडेपासून चार बोटं खाली एक छोटं छिद्र पाडलंत तर पावसाचं जास्तीचं पाणी तिथून निघून जाईल आणि टब ओसंडणार नाही. मासे ठेवायचे असतील तर त्या छिद्राला बारीक जाळी लावा.

खोलीचं गणित जातीवर आहे. बुटक्या जातींच्या मातीवर १० ते २५ सेंटिमीटर पाणी पुरतं. मध्यम जातींना ३० ते ६०. मोठ्या जाती घरच्या टबात आणूच नका. त्यांची पानं दोन मीटरच्या पलीकडे पसरतात आणि टबात ती एकमेकांवर चढून फुलांचाच उजेड अडवतात.

पायरी ३: कुमुद लावा

कुमुद टबाच्या तळाशी थेट मातीत लावता येतं, पण मी वेगळ्या कुंडीत लावून ती कुंडी पाण्यात बुडवते. कुंडी रुंद आणि बसकी हवी, ३० सेंटिमीटर व्यास आणि २० सेंटिमीटर उंची. गड्डा आडवा वाढतो, त्याला खोली नको, अंगण हवं.

माती हा सगळ्यात जास्त चुकणारा भाग. नेहमीचं कुंडीमिश्रण, म्हणजे कोकोपीट, गांडूळखत, पानांचं खत, यातलं काहीही नको. ते हलकं असतं, पाण्यात तरंगतं आणि बुडालेलं कुजतं. मी पहिल्यांदा तेच वापरलं होतं. दुसऱ्या दिवशी अर्धी कुंडी पाण्यावर आली होती आणि आठवड्याभरात सडक्या अंड्यांचा वास. कुमुदाला लागते जड, चिकण, गाळाची माती, ज्यात शेणखत नाही, मुळ्या नाहीत, पालापाचोळा नाही. मूठभर माती ओली करून दाबा. गोळा होऊन हातात टिकला तर ती चालेल.

कुंडी दोन तृतीयांश मातीने भरा आणि भिजवून दाबा. आता गड्डा हातात घ्या. निरोगी गड्डा बटाट्यासारखा घट्ट लागतो. मऊ, काळा, दुर्गंधी येणारा भाग असेल तर धारदार सुरीने पांढरा निरोगी भाग लागेपर्यंत कापून टाका. जुनी वाळलेली मुळं आणि मोडकी पानं काढा.

थंडी सोसणारं कुमुद असेल तर गड्डा कुंडीच्या कडेला लावा. कापलेलं टोक कुंडीच्या भिंतीकडे, वाढणारा डोळा मध्याकडे आणि थोडा वर, साधारण ४५ अंशांत. डोळा मातीच्या वर उघडा राहिलाच पाहिजे. गाडलेला डोळा कुजतो, आणि हे आठवडाभरात कळतही नाही. उष्ण कटिबंधातलं असेल तर कुंडीच्या मधोमध उभं लावा. मुळं मातीत, पानं जिथून फुटतात तो गाभा वर.

मग मातीवर बोटभर जाड वाळू किंवा बारीक खडीचा थर द्या. डोळ्यावर खडी येऊ देऊ नका. हा थर माती धरून ठेवतो आणि मासे असतील तर त्यांना ती उकरू देत नाही. कुंडी आधी बादलीभर पाण्यात हळूहळू बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत थांबा, मग टबात ठेवा.

सुरुवातीला कुंडी विटांवर ठेवा, म्हणजे डोळ्यावर फक्त १०-१५ सेंटिमीटर पाणी राहील. पानं पृष्ठभागावर पसरली की दर आठवड्याला एक वीट काढा. देठ लांब करत पान वर आणण्याची कला कुमुदाला उपजत असते, पण त्या वाढीसाठी लागणारी ताकद नव्या गड्ड्यात मर्यादित असते.

कारंजं आवडत असेल तर ते कुमुदापासून लांब ठेवा. कुमुदाच्या पानाची श्वास घेण्याची छिद्रं पानाच्या वरच्या बाजूला असतात, कारण खालची बाजू पाण्यात असते. वर सतत पाणी उडत राहिलं तर पान त्रासतं आणि पिवळं पडतं. स्थिर पाणी त्याला मानवतं.

खत लावणीच्या वेळी देऊ नका. नवी पानं फुटल्यावर, साधारण महिन्याने, पाण्यातल्या झाडांसाठी मिळणारी मंद विरघळणारी खताची गोळी गड्ड्यापासून दूर, बोट जाईल तेवढी खोल दाबा आणि वरून माती बंद करा. वाढीच्या काळात महिन्यातून एकदा पुरे. खत पाण्यात सांडलं तर कुमुदाआधी शेवाळ फुलतं.

पायरी ४: आता हात मागे घ्या

दोन-तीन आठवड्यांत पाणी हिरवं होईल. इथे बहुतेक जण घाबरून टब रिकामा करतात, धुतात आणि नव्याने भरतात. मग पुन्हा तेच. नळाच्या ताज्या पाण्यात पुन्हा पोषक द्रव्यं येतात आणि शेवाळ पुन्हा पहिल्यापासून वाढतं. थांबा. कुमुदाची पानं पाण्याचा अर्ध्याहून जास्त भाग झाकू लागली की खाली उजेड पोचत नाही आणि पाणी आपोआप निवळतं. तोवर फक्त बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी भरत राहा. लांब धाग्यांचं शेवाळ असेल तर काठीला गुंडाळून काढा.

डासांची अळी मात्र थांबत नाही. दोन-चार गप्पी मासे टबात सोडले की हा प्रश्न मिटतो. मासे सोडण्याआधी नळाचं पाणी एक-दोन दिवस उघडं राहू द्या. मासे नको असतील तर डासांच्या अळ्यांसाठीची बीटीआय जिवाणूची वडी वापरा. ती माणसांना, माशांना आणि झाडाला अपाय करत नाही. मासे किंवा कुमुदाचे जास्तीचे तुकडे जवळच्या ओढ्यात, तळ्यात सोडू नका. ते तिथे पसरतात आणि मूळच्या जीवांची जागा घेतात.

पहिलं फूल आलं की रोज सकाळी पाहायला जा. एक फूल साधारण तीन ते चार दिवस टिकतं. दिवसा फुलणारं कुमुद सकाळी उमलतं आणि दुपारनंतर मिटतं, दुसऱ्या दिवशी परत. पहिल्या दिवशी मधोमध एक छोटी वाटी दिसेल, द्रवाने भरलेली. त्या दिवशी फूल फक्त मादी असतं, परागकण पुढच्या दिवशी सुटतात. दुसऱ्या फुलावरून पराग घेऊन आलेला कीटक या वाटीत पडला की पराग धुतला जातो आणि परागीभवन होतं. कधी कधी बिचारा कीटक त्यातच बुडतो. शेवटच्या मिटण्यानंतर फूल पाण्याखाली जातं. ते देठासकट तळापासून काढून टाका, पाण्यात कुजू देऊ नका. पिवळी पानंही तशीच काढा. आठवड्याला पाच मिनिटांचं काम.

पायरी ५: कोलियस लावा, मग खुडत राहा

कोलियसची माती म्हणजे कुमुदाच्या मातीच्या अगदी उलट: हलकी, भुसभुशीत, पाणी झटकन जाऊ देणारी. बागेतली माती, कुजलेलं खत आणि कोकोपीट समप्रमाणात. चिकणमाती असेल तर त्यात वाळू घाला. रोप जितकं खोल होतं तितकंच लावा.

पाणी घड्याळाकडे पाहून देऊ नका. बोट मातीत घाला, वरचे दोन-तीन सेंटिमीटर कोरडे लागले तर द्या. तहानलेलं कोलियस नाटकी असतं, पानं अशी लोंबतात की गेलंच वाटतं, आणि पाणी दिलं की तासाभरात उभं राहतं. पण माती ओली असूनही पानं लोंबत असतील तर मुळं कुजताहेत. तेव्हा आणखी पाणी दिलं तर उरलेलं झाडही जातं. संततधार पावसात कुंडी छपराखाली घ्या.

खत हात राखून. नत्र जास्त झालं तर पानं मोठी पण फिकी आणि खोड मऊ होतं. महिन्यातून एकदा, पॅकेटवर लिहिलेल्या मात्रेच्या निम्मं द्रवखत पुरतं.

आता खुडणं. याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण चांगलं कोलियस आणि रड्या चेहऱ्याचं कोलियस यांत बहुतेक वेळा एवढाच फरक असतो. शेंड्यात तयार होणारं संप्रेरक खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा काढला की ती आडकाठी जाते आणि पानांच्या जोडीच्या बगलेतले दोन्ही डोळे जागे होतात. एका शेंड्याचे दोन होतात. ते खुडले की चार, मग आठ. रोप १५ सेंटिमीटर झालं आणि पानांच्या चार जोड्या आल्या की सगळ्यात वरचा शेंडा तिसऱ्या जोडीच्या लगेच वर नखाने खुडा. नवे फाटे दोन-तीन जोड्यांचे झाले की पुन्हा. पहिल्या दोन खुडण्यांना हात धजत नाही, हे मान्य. तरी खुडा.

निळसर-जांभळ्या फुलांचा तुरा दिसला की तोही काढा. फूल नाजूक आहे, पण झाडाची ताकद बियांकडे गेली की पानं लहान होतात, खोड निब्बर होतं आणि झाड ओसरू लागतं. मधमाश्यांसाठी एखाद्या कुंडीला फुलू दिलंत तर हरकत नाही, त्या कुंडीची कलमं आधी करून ठेवा.

तापमान १० अंशांच्या खाली जाऊ लागलं की कोलियसची पानं काळपटतात, हिमतुषाराने तर ते मरतंच. थंड प्रदेशात ते एका हंगामाचं झाड मानतात. आत उजेडाच्या खिडकीपाशी एक कुंडी जपली की पुढचा हंगाम मिळतो.

पायरी ६: नवी रोपं

कोलियसची फांदी लावणं लहान मुलालाही जमतं. ८-१० सेंटिमीटरचा, फूल नसलेला शेंडा पेराच्या लगेच खाली कापा. खालच्या दोन जोड्यांची पानं काढा आणि पाण्याच्या बाटलीत ठेवा, पान पाण्यात बुडू देऊ नका. दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. एक-दोन आठवड्यांत पांढरी मुळं दिसतात. ती २-३ सेंटिमीटरची झाली की मातीत लावा. जास्त दिवस पाण्यात ठेवलं तर पाण्यात वाढलेली लांब, ठिसूळ मुळं मातीत गेल्यावर मोडतात आणि झाड दचकतं.

कधी एखाद्या फांदीची पानं बाकी झाडापेक्षा वेगळ्या रंगाची येतात. तीच फांदी कलमाला वापरा, तो रंग कलमात बहुधा टिकतो. बियाण्यातून मात्र भावंडंसुद्धा एकमेकांसारखी निघत नाहीत. बी पेरायचंच असेल तर वर माती घालू नका, त्याला रुजायला उजेड लागतो. मातीवर भुरभुरा, हलकं दाबा, ओलं ठेवा.

कुमुदाचं काम वर्ष-दोन वर्षांनी येतं. पानं पाण्यावर आडवी पडण्याऐवजी एकमेकांना ढकलत हवेत उभी राहू लागली आणि फुलं कमी झाली की कुंडी भरली असं समजा. थंडी ओसरून वाढ सुरू होण्याच्या सुमारास कुंडी काढा, गड्डा धुवा आणि प्रत्येकी एक-दोन डोळे असलेले हातभर नव्हे, बोटभर लांबीचे तुकडे करा. नव्या मातीत लावा. उष्ण कटिबंधातल्या काही जातींत तर पानाच्या मध्यावर, देठ जोडलेल्या जागी, छोटं रोप फुटतं. पान पिवळं पडलं की ते रोप मुळांसकट सुटतं. तो चमत्कार पाहण्यासाठी एखादं पान काढायचं राहिलं तर राहू द्या.

रोग-किडी, थोडक्यात

कुमुदावर काळपट मावा येतो, बहुधा पानांवर आणि कळ्यांवर. पाण्याच्या फवाऱ्याने त्याला टबात ढकला, मासे खातात. कीटकनाशक टबात चुकूनही नको, कडुलिंबाचं तेलसुद्धा नको, मासे जातील. पानावर अर्धगोल कापल्यासारखे तुकडे गेलेले दिसले तर पान उलटून पाहा. पानांचे तुकडे शिवून त्यात लपलेली पतंगाची अळी सापडेल. हाताने काढा.

कोलियसवर पिठ्या ढेकूण, पांढरी माशी आणि कोरड्या हवेत लाल कोळी येतात. पिठ्या ढेकूण दोन-चार असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा. जास्त असतील तर पातळ साबणाच्या पाण्याने धुवा, संध्याकाळी. पानांवर तपकिरी डाग पडून खालच्या बाजूला करडी बुरशी दिसली तर ती केवडा रोगाची. बाधित पानं काढा, रोपांत अंतर ठेवा, पानांवर पाणी टाकू नका. आखडलेल्या, चट्ट्यापट्ट्यांच्या, वाकड्या पानांचं रोप विषाणूचं असू शकतं. त्याचं कलम करण्याचा मोह नको, ते रोप काढूनच टाका.

दोन्ही लावायचीच असतील तर

ऊन पुरेसं असेल तर ही जोडी उत्तम जमते. कुमुद दुपारनंतर मिटतं आणि टबात नुसती हिरवी पानं उरतात, तेव्हा कोलियसचा रंग जागेवर असतो. टबाच्या सावलीच्या बाजूला, म्हणजे दुपारचं ऊन जिकडून येतं त्याच्या विरुद्ध बाजूला, कोलियसच्या कुंड्या टबाला अगदी चिकटून ठेवा. टबाची सावली त्यांच्या मुळांना गार ठेवते. गुलाबी कुमुदाशेजारी गडद वाइनसारखी पानं शोभतात, पांढऱ्याशेजारी पोपटी. पाचपेक्षा जास्त रंगांचं कोलियस एकत्र आणू नका, मग कुमुदाकडे कुणी बघतच नाही. मी एकदा नऊ जाती आणल्या होत्या आणि महिन्याभराने सहा वाटून टाकल्या.

कोलियसची कुंडी टबात मात्र ठेवू नका. पाण्याच्या काठाला शोभतं म्हणून ते पाण्यातलं झाड होत नाही. खुडलेले शेंडे पाण्यात पडू देऊ नका, ते कुजतात. मी टबाच्या कडेला एक छोटी बाटली तारेने अडकवून ठेवली आहे. त्यात टबातलंच पाणी भरते आणि खुडलेले चांगले शेंडे तिथल्या तिथे खोचते. कुमुदाची पिवळी पानं काढायला गेलं की मुळं आलेली फांदी हाताशी असते.